कुर्म्याची साक्ष

"काऊन वो सोमारी, पुन्हा आली? तू तं इथीच घर करून राह्यली!" पाळी जायच्या वयाला आलेल्या नीलाबाईनं कुर्म्याच्या दारातून सरकून तिला जागा दिली.

कुर्मा म्हणजे गावाबाहेरची कुडाची झोपडी. पाळी आली की बाईनं इथं येऊन बसायचं, पुरुषांनी फिरकायचं नाही. त्यामुळे कोणाची पाळी आली हे पानठेल्यावरही कळतं. आणि जी कुर्म्यात दिसली तिला दिवस नाहीत, याची गावाला पक्की खात्री. सोमारीलाही होती.

तिसऱ्या मुलीच्या वेळी ती मरता मरता वाचली. पुन्हा बाळंतपण नको, असं डॉक्टरांनी बजावलं. घरात मुलगा हवा होता. मरायचं फक्त सोमारीला होतं, म्हणून तिला कोणी विचारलं नाही. तिनं मुलचेऱ्याच्या बाजारातून दिवस राहू नयेत म्हणून गोळी आणली, गुपचूप गिळली. थोड्याच दिवसांत रक्त दिसलं. ती हरखून कुर्म्यात येऊन बसली होती. आता पुन्हा डाग, आणि वर ओकाऱ्या.

दुपारी दवाखान्याच्या रश्मी सिस्टर फेरीवर आल्या. सोमारीनं त्यांना गोळीचं सांगितलं. "गोळीनंतरचं रक्त पाळीचंच राह्यते असं नाई वो. तपासून पाहू."

"पण मी कुर्म्यात बसली ना, सिस्टरबाई!"

"पोटाले कुर्मा समजत नाई."

तपासणी तिथंच झाली. गावात एवढी खासगी जागा दुसरी नव्हती. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. नीलाबाईचं हसू विरलं.

"अंगावरून डाग जाते, म्हणून उद्याच गडचिरोलीले सोनोग्राफी करावी लागन," सिस्टर म्हणाल्या. "गर्भ ठेवाचा नसन तं डॉक्टरले तसं सांग. तुह्या एकटीची सही पुरते. नवऱ्याची नाई, सासूची नाई."

सिस्टर गेल्यावर नीलाबाई हळूच म्हणाली, "पोटुशीनं इथी बसाचं नसते, बाई."

"उद्या गडचिरोलीची गाडी येईपर्यंत बसू दे."

नीलाबाईनं जन्मभर रिवाज मोडला नव्हता. "बस. मले आजकाल कमीच दिसते."

संध्याकाळी सासूनं भात आणून दूर दगडावर ठेवला. तिथूनच ओरडली, "आटपलं नाई काय वो अजून?"

"नाई, आत्या."

सासू कुरकुरत परतली. सोमारी चार बुकं शिकली होती. लग्नानंतर मात्र स्वतःचं नाव लिहायची वेळच आली नव्हती. तिनं चुलीतली राख जमिनीवर पसरली आणि काडीनं नाव लिहून पाहिलं. 'सो'चा काना वाकडा आला.

तिनं राख सारखी केली आणि पुन्हा लिहिलं.