वायपरची दोरी

घड्याळजींना गाडी चालवता येत नव्हती, आणि गाडी दुरुस्त करायला मात्र ते सकाळपासून उभे होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात मनगटावरच्या यंत्राहून मोठं काही उघडलं नाही, त्याने अंगणात बॉनेट वर करून आत डोकं घालावं, ही तशी हसण्यासारखीच गोष्ट. पण त्या घरात महिनाभर कोणी हसलेलं नव्हतं, त्यामुळे हीही वाया गेली.

गाडी त्यांच्या बायकोची. ती महिन्यापूर्वी गेली, तेव्हा गाडी आता मुलीने न्यायची असं ठरलं. मुलगी उद्या निघणार होती. तिची रजा संपली होती, कामावरून फोनवर फोन येत होते, आणि आभाळ गच्च भरून आलेलं. वायपर बंद असताना तेवढा लांबचा रस्ता धरणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून निघण्यासारखं. गॅरेजवाला म्हणाला, हाताखालची कामं उरकली की बघतो. तेव्हा घड्याळजी म्हणाले, "मी बसवतो." महिनाभरात आपण होऊन ते एवढंच बोलले होते, म्हणून मुलीने अडवलं नाही. ती जाऊन वायपरची मोटर आणि तिला जोडलेल्या आतल्या दांड्या असा अख्खा सेट घेऊन आली.

घड्याळजींना वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. जेवायला बसवलं की जेवत होते, झोप म्हटलं की आडवे होत होते. डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भेटायला येणारे आधी म्हणायचे, धीराचा माणूस आहे. मग हळूहळू काही म्हणेनासे झाले. दुकान बंद होतं. लोकांची घड्याळं आत आपापल्या वेळेला थांबून पडली होती, आणि मालकही त्यांच्यातलाच एक झाला होता.

मुलीचं मात्र एका गोष्टीवर अडलं होतं. शेजाऱ्यांकडून तिला कळलं होतं, की आईला दवाखान्यात नेलं तेव्हा गाडी आईनेच चालवली. अंगात ताप, धाप लागलेली, बाहेर धो धो पाऊस, आणि स्टीअरिंगवर आई. मुलीने स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं होतं, "बाबा, तुम्ही तिला गाडी चालवायला लावलीत?" घड्याळजी म्हणाले होते, "हो." एवढंच. त्या 'हो'च्या पुढे मागे काहीतरी होतं, ते त्यांना माहीत होतं, पण तोंडातून फुटलं नाही. ते 'हो' घरात तसंच राहिलं. दोघं त्याला वळसा घालून चहा पीत, कपडे वाळत घालत. उद्या मुलगी गाडी घेऊन जाणार होती, आणि सोबत तेही घेऊन जाणार होती, हे घड्याळजींना कळत होतं. कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं.

त्यांनी पहिल्यांदा बॅटरीची काळी तार सोडवली. मग वायपरच्या दांड्यांकडे वळले. दोन्ही दांड्यांना एकेक दोरी बांधलेली होती, पडद्याला असते तसली पांढरी, आता मळून करडी झालेली. एका दांड्याची दोरी ड्रायव्हरच्या खिडकीपर्यंत, दुसऱ्याची शेजारच्या खिडकीपर्यंत.

"कापून टाका ना," मुलगी म्हणाली. ती पायरीवर बसून नट खोलायचे पाने एकेक करून देत होती.

घड्याळजींनी कापली नाही. खिशातून घड्याळाचा चिमटा काढला आणि ओल्या होऊन वाळलेल्या गाठी एकेक सोडवल्या. त्यात बराच वेळ गेला. मुलीने दोनदा घड्याळात पाहिलं. दोऱ्या गुंडाळून त्यांनी खिशात घातल्या.

"कसली दोरी ती?"

"बांधली होती."

मुलीने पुढचा पाना पुढे केला. बापाकडून याहून जास्त निघणार नाही हे ती एव्हाना शिकली होती.

पुढचं काम मुकाट्याने झालं. दांड्यांच्या बुडाशी टोपणं होती, त्यांच्याखाली नट. नट सुटले पण दांडे हलेनात, तेव्हा लहान मुलाचा दुधाचा दात काढावा तसे हलवून हलवून ते उपटले. काचेखालची काळी प्लास्टिकची जाळी निघाली. तिच्याखाली वाळकी पानं, एक शर्टाचं बटण आणि धूळ. तीन बोल्ट काढल्यावर मोटरसकट अख्खी जोडणी बाहेर आली. घड्याळजींनी ती मांडीवर घेतली आणि सवयीने डोळ्याला भिंग लावलं. मोटर चांगली होती. मोटरकडून येणारी दांडी जिथे बसते तिथली प्लास्टिकची इवलीशी वाटी झिजली होती. त्यामुळे दांडी निखळायची. मोटर आपली फिरत राहायची आणि एकमेकांना जोडलेले दोन्ही वायपर ढिम्म.

"एवढ्याशा वाटीसाठी?" मुलगी म्हणाली.

"एवढ्यासाठीच बंद पडतं," घड्याळजी म्हणाले. पुढे काहीतरी म्हणायचं होतं, पण ते विसरले.

नवी जोडणी बसली. बोल्ट आवळले, प्लग लावला, बॅटरीची तार जोडली. सुटे भाग विकणाऱ्याने मुलीला बजावून सांगितलं होतं, "आधी मोटर एकदा चालू करून बंद करा. ती आपल्या जागेवर येऊन थांबली की मगच दांडे लावा." दांडे कसे लावायचे ते त्याने सांगितलं नाही, कारण ते शेंबड्या पोरालाही कळतं. मुलीने चावी फिरवली, मोटर गुरगुरली, थांबली. मुलगी बादली भरायला आत गेली. घड्याळजींनी दोन्ही दांडे उचलले आणि अगदी सरळ, उभे बसवले. नट आवळले, वर टोपणं दाबली आणि मागे सरून पाहिलं. दोन्ही एका रेषेत होते. केसाचाही फरक नव्हता.

काचेच्या तळाशी जुन्या रबराचा आडवा माग स्पष्ट दिसत होता. त्यांनी तो पाहिलाही होता. पण साऱ्या जन्मात त्यांच्या हातांनी एकच गोष्ट केली होती. घड्याळ जुळवताना तारीख उलटेपर्यंत किल्ली फिरवायची, तारीख उलटली की बारा वाजले, मग दोन्ही काटे बारावर उभे लावायचे. आज डोकं जागेवर नव्हतं, हात होते. हातांनी त्यांचं काम केलं.

मुलगी बादली घेऊन आली, काचेवर पाणी ओतलं आणि दुसरीकडे लक्ष असल्याने सरळ आत बसून वायपर सुरू केले. ड्रायव्हरच्या बाजूचा दांडा काच सोडून बाहेर गेला आणि दारावर थाडकन आपटला. दुसरा त्याच्या मागोमाग धावला, त्याच्यात अडकला आणि थरथरत राहिला. तिने झटकन बंद केलं.

"बाबा," ती खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "हे काटे कितीवर लावलेत?"

"बारावर," घड्याळजी म्हणाले. "बारावरच लावतात."

मुलगी फिस्सकन हसली. हसता हसता थांबली, कारण तिला तो आवाज आईचा वाटला. घड्याळजींनाही वाटला. ते दाराला पडलेला पोचा बोटाने चाचपत उभे राहिले. त्यांना लाज वाटली नाही, हसूही आलं नाही.

"झोपतात ते, बाबा. बंद केले की काचेच्या तळाला आडवे झोपतात." तिने स्वतः उतरून दांडे काढून दिले, आणि या वेळी घड्याळजींनी ते जुन्या मागावर आडवे लावले. एका रबराचं टोक उसवलं होतं, पण चालण्यासारखं होतं.

"बसा आत," मुलगी म्हणाली. "बघू."

घड्याळजी आपल्या जागेवर, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. तिने वायपर सुरू केले. दांडे वर गेले, खाली आले. काच स्वच्छ झाली. मुलीने शेजारी पाहिलं. घड्याळजींचा डावा हात खिडकीपाशी होता. मूठ वळलेली. दांडे वर गेले की मूठ सैल होई, मग मागे ओढली जाई आणि दांडे खाली येत. पुन्हा सैल, पुन्हा ओढ.

"काय करताय?"

घड्याळजींनी हाताकडे पाहिलं. "आम्ही असंच गेलो," ते म्हणाले.

"कुठे?"

"दवाखान्यात." त्यांनी खिशातून दोऱ्या काढून मांडीवर ठेवल्या. "अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, पाणी भरलंय, वेळ लागेल. शेजारच्या मावशी चालवतात, पण त्या गावाला. मला येत नाही. ती म्हणाली, चावी आणा. निघालो तर वायपर बंद. मग तिनेच पडद्याची दोरी सोडून आणली. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. तिने ओढलं की वर, मी ओढलं की खाली. एका हाताने स्टीअरिंग, एका हाताने दोरी. माझं चुकायचं. मी तिच्या आधीच ओढायचो."

मुलीने वायपर बंद केले.

"मग म्हणाली, अहो, जगाची घड्याळं चालवता आणि तुम्हाला एवढा ताल धरता येत नाही? आणि हसायला लागली."

"हसली?"

"धाप लागलेली होती. तरी हसली. मग मलाही हसू आलं. पार दवाखान्याच्या दारापर्यंत हसत होतो आम्ही. दारातल्या माणसाला वाटलं, पेशंट नाहीच." घड्याळजींनी दोरी बोटाला गुंडाळली. "मला वाटलं होतं, आठवड्याभरात असेच परत येऊ."

 मुलगी उतरली, पुढे जाऊन दोन्ही दांड्यांना दोऱ्या बांधल्या, एक टोक बापाच्या खिडकीतून आत दिलं, दुसरं घेऊन स्टीअरिंगमागे बसली.

"मी ओढते," ती म्हणाली. "मग तुम्ही."

तिने ओढलं. दोरी ताणली गेली. घड्याळजींनी ओढलं. दांडे जागचे हलले नाहीत. नव्या मोटरने ते घट्ट धरून ठेवले होते, आणि आता ते कोणाच्या हाताने हलणार नव्हते. काम चोख झालं होतं.

घड्याळजी ओढतच राहिले. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोडला, आणि दोरी हातात धरूनच ते रडायला लागले, आधी आवाज न करता, मग मोठ्याने. मुलीने त्यांना गप्प केलं नाही. तिचेही डोळे वाहत होते. तिने आपलं टोक घट्ट धरून ठेवलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उद्या सकाळी नाही निघत. दुपारी निघते."

"वायपर तर झाले," घड्याळजी म्हणाले.

"झाले ना," मुलगी म्हणाली. "तुम्ही पहिल्यापासून सांगा. चावी आणा म्हणाली, तिथपासून."