आभाळ्या

"बाई, लेकराला छताखाली निजवू नका. आन् निजल्यावर हात लावून उठवू नका. लांबून हाक मारा, नाव घिऊन."

नातवाला आमच्या क्लासच्या वसतिगृहात सोडताना कोंडाबाईंनी एवढंच सांगितलं होतं. फीबद्दल नाही, अभ्यासाबद्दल नाही. किल्लारीकडचा भूकंप झाला तेव्हा व्यंकटी पहिलीत होता. मेलेल्या आईच्या अंगाखालून त्याला ओढून काढलं, तेव्हा त्याच्या तोंडात माती भरली होती. तेव्हापासून तो उघड्यावर झोपायचा. नांदेडला वसतिगृहाच्या गच्चीवर, पावसाळ्यात प्लास्टिक पांघरून. पोरं त्याला 'आभाळ्या' म्हणायची आणि तोही ओ द्यायचा.

मी त्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत होते. अकरावी संपली की बारावीची बॅच सुरू व्हायच्या आधी, भर उन्हाळ्यात, क्लास चालवणारे सर मुलांना माहूरकडच्या डोंगरात एका तळ्यावर मुक्कामाला पाठवायचे. पाठीवर सॅक, त्यात पीठमीठ आणि सतरंजी. जीप पायथ्याला सोडायची आणि निष्पर्ण सागांमधून चढायचं. त्या वर्षी सर नांदेडातच राहिले. पोरांबरोबर मी आणि जीपचे ड्रायव्हर निजामोद्दीनभाई.

वर तळं आटून निम्म्यावर आलेलं. काठाला जुना दगडी मंडप. मुलींना घेऊन मी पलीकडच्या देवळात उतरले, पोरांनी मंडपात पथाऱ्या टाकल्या. व्यंकटीनं आपली सतरंजी पाण्याजवळच्या कातळावर नेली.

"आभाळ्या, आत ये की," जळकोटचा मारोती म्हणाला. "दगडाचं काम हाय. हजार वर्सं पडलं न्हाई, आज तुझ्यासाठीच पडतंय व्हय?"

"आमच्याबी घराला आज्जा असंच म्हणायचा," व्यंकटी म्हणाला.

सगळे हसले. व्यंकटीही हसला. मारोती त्याच्याच बाकावर बसणारा, एका ताटात जेवणारा.

सकाळी उजाडल्यावर मी तळ्यात अंघोळ केली, भस्म लावलं आणि इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन काठाशी बसले. लिंगपूजेशिवाय मी पाणी घेत नाही आणि पूजेतून मधे उठत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे, बाळंतपणातही मोडला नव्हता.

पाठीमागे पोरांची कुजबुज चालली होती. मग ताटं बडवल्याचा आवाज आला आणि चौघांची आरोळी, "भूकंप, भूकंप."

गाढ झोपलेल्या व्यंकटीला त्यांनी सतरंजीसकट उचलून मंडपात नेलं होतं. वरून ओंजळीनं माती टाकली होती. मारोती दोन खांबांच्या मधे, वाटेत उभा राहून पोट धरून हसत होता.

पुढचा आवाज मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. ओला नारळ पायरीवर आपटावा तसा.

मी उठले. लिंग मुठीत धरून धावले. व्यंकटीच्या हातात चुलीचा दगड होता. मारोती उताणा पडला होता आणि व्यंकटी त्याच्या छातीवर बसून त्याच्या तोंडावर दगड घालत होता. घाईनं नाही, वाट अडवणारी भिंत फोडावी तसा, सारख्या ताकदीनं. त्यांच्याच वर्गातल्या मुज्तबानं त्याला मागून मिठी मारली, तर कोपराच्या फटक्यानं त्याचं नाक फुटलं. निजामोद्दीनभाईंनी दंड धरला, त्यांना त्यानं खांबावर फेकलं. मारोतीच्या तोंडातून लाल फेस येत होता. एक दात व्यंकटीच्या मनगटात रुतलेला मी पाहिला.

मी लांबच थांबले.

"व्यंकटी."

दगड पुन्हा खाली आला.

"व्यंकटी, बाळा, तू बाहेर आहेस. वर बघ. बाहेर आहेस तू."

त्यानं वर पाहिलं. मंडपाच्या कडेपलीकडे आभाळ होतं. दगड गळून पडला. मग त्यानं खाली पाहिलं आणि दोन्ही हातांनी मारोतीच्या तोंडावरची माती, रक्त बाजूला करायला लागला, बोटं घालून तोंडातली माती काढायला लागला. "काढतो तुला, काढतो," म्हणत राहिला.

सतरंजीची झोळी बांबूला बांधून मारोतीला डोंगर उतरवला. बांबूचं पुढचं टोक व्यंकटीच्या खांद्यावर होतं. कुणालाही त्यानं ते घेऊ दिलं नाही. मी झोळीबरोबर चालत होते. मधेच मारोतीनं माझा पदर धरला. फुटलेल्या जबड्यातून शब्द जेमतेम निघत होते.

"आप्पांना सांगा. म्याच उचललं त्याला. न्हाईतर मारतील त्याला."

"सांगते," मी म्हटलं.

"शप्पत?"

मी मुठीतलं लिंग त्याच्या कपाळाला टेकवलं. त्यानं पदर सोडला.

नांदेडला दवाखान्यात त्याचा जबडा तारांनी बांधला. एक डोळा गेला होता. औषधाच्या गुंगीत तो पडून राहिला. संध्याकाळी जळकोटहून त्याचे वडील, आप्पा, आणि दोन चुलते आले. व्यंकटी पोर्चमध्येच होता, पळाला नव्हता. थोरल्या चुलत्यानं पट्टा काढला. व्यंकटीनं वर स्लॅबकडे पाहिलं, चार पावलं चालून उघड्या अंगणात गेला आणि तिथे उभा राहिला. बकलाकडून त्यांनी त्याला मारलं. पाठ फुटली, कान फाटला. त्यानं हात वर केला नाही. निजामोद्दीनभाई आडवे पडले तेव्हा कुठे त्याला जीपमध्ये कोंबून गावाकडे, कोंडाबाईंकडे नेता आलं.

"पळवा, कुठं पळवता," आप्पा शांतपणे म्हणाले. "उद्या दुपारी आमची माणसं घिऊन तिथंच जातो. डोळ्याला डोळा. म्हातारीशिवाय कोण हाय त्याला?"

मी त्यांच्याजवळ जायला निघाले, तोवर ते पाठ फिरवून जळकोटला परतायला गाडीत बसले होते.

रात्री सरांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. उचलणाऱ्या पोरांनी खाली माना घातल्या होत्या. मुज्तबाच्या नाकाला पट्टी होती.

"मारोतीवर त्या मुलानं विनाकारण हल्ला केला," सर म्हणाले. "सगळ्यांनी हेच सांगायचं. मस्करी झाली हे बाहेर गेलं तर क्लास संपला."

"त्याला उद्या मारून टाकतील, सर," मुज्तबा म्हणाला.

"ते पोलीस बघतील."

"कळवलंय पोलिसांना?" मी विचारलं.

सर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. "मॅडम, तुम्ही तर पूजेला बसला होता. तुम्ही काही पाहिलंच नाही. तेव्हा खोटं बोलायचा प्रश्नच येत नाही. तुमचा नेमही शाबूत."

"नेम मोडला, सर. मी उठले होते."

"बरं. पण उचलताना पाहिलं नाही ना?"

"नाही पाहिलं. मारोतीनं सांगितलं ते ऐकलं."

"तो शुद्धीत होता का?"

"माझ्याकडून शपथ घेण्याइतका होता."

सर हसले. "ती माणसं कशी आहेत, ठाऊक आहे ना? एकट्या बाईचं ऐकून घेतील?"

माझा आवाज बारीक आहे, वर्गातही शेवटच्या बाकावर पोचत नाही.

सकाळी पूजा केली, तीर्थ घेतलं. लिंग गळ्यात घातलं. यांना म्हटलं, दुपारच्या भाकरी दुरडीत झाकून ठेवल्यात. बसस्टँडवर कंधारवरून उदगीरला जाणारी पहिली गाडी लागलेली होती.

कंडक्टर मागून पुढे येत माझ्यापाशी थांबला. "कुठं, ताई?"

"जळकोट."

"एकच?"

"हो, एकच," मी म्हटलं आणि खिडकीकडे सरकून बसले.