बॅटरीखोलीतले चौदा लोड

मोजमाप हा उद्योगाचा प्राण आहे. जे मोजता येतं तेच सुधारता येतं. भोसरीतल्या त्या झडपांच्या कारखान्यात हे वाक्य फाटकाशेजारच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. रंगवणाऱ्याने आधी भिंत मोजली नव्हती. त्यामुळे ‘सुधारता येतं’ हे दोन शब्द कोपऱ्यावरून वळून सायकल स्टँडकडे गेले होते.

साल चौऱ्याहत्तर. वीज जायची, पण केव्हा ते सांगून जात नसे. ती गेली की बॅटरीखोलीतल्या एकशेदहा बॅटऱ्यांनी कारखान्यातले वीस दिवे तीन तास जळत ठेवायचे, अशी अपेक्षा होती. गेल्या महिन्यापासून त्या पाऊण तासातच मान टाकत होत्या.

या बॅटऱ्या हनीफ शेखच्या ताब्यात होत्या आणि हनीफ टेंपररी होता. टेंपररी माणसाला सात महिने भरले की ब्रेक देत. मग पुन्हा बोलावत, किंवा बोलावत नसत. हनीफचे सात महिने येत्या शनिवारी भरत होते, आणि वर्क्स मॅनेजर अर्जुनरावसाहेबांनी दोषी कोण ते ठरवूनही टाकलं होतं.

“तू पाणी घालत नाहीस,” साहेब म्हणाले.

“पाणी काठोकाठ आहे साहेब. बॅटऱ्या ठणठणीत आहेत. त्यांच्यावर काय काय जोडलंय ते बघायला पाहिजे. लोड मोजू द्या, शनिवारच्या आत सांगतो.”

साहेबांना मराठीतून नोटिसा काढायची हौस होती. त्यांनी लगेच एक काढली: ‘बॅटरीखोलीतील सर्व लोड मोजून बुधवारपर्यंत अहवाल सादर करावा.’ एक प्रत हनीफला गेली. खोलीची किल्ली स्टोअरकीपरकडे असल्यामुळे दुसरी त्याला गेली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत हनीफने मेन स्विच पाडला. सगळा भार बॅटऱ्यांवर आला तसा तो बोर्डावरच्या काट्यासमोर उभा राहिला. वीस दिव्यांना नऊ अँपिअर पुरेत. काटा सत्तावीसवर जाऊन शांत बसला होता. हनीफला बरं वाटलं. आजार आहे म्हणजे इलाजही आहे. त्याने पाच फ्यूज होते ते एकेक करून काढायचे, काटा किती खाली येतो ते बघायचं आणि परत लावायचे, असं सुरू केलं. पहिला काढला, काटा दोन घरं उतरला. दुसरा, दोन. तिसरा, दोन. चौथा काढला आणि काटा सत्तावीसवरून थेट आठावर आला.

चौथ्याखाली लिहिलेलं होतं: ‘ऑफिस, दोन दिवे’.

त्याने फ्यूज परत बसवला आणि वायर धरून चालत गेला. वायर साहेबांच्या केबिनमागच्या बोळात शिरली. तिथे चहा करणारी मंजुळाबाई दोन विजेच्या शेगड्यांसमोर बसली होती. एकीवर साहेबांचा चहा होता. दुसरीवर गरम पाणी, कारण वैद्यांनी साहेबांना दिवसाला बारा पेले सांगितले होते.

“मावशी, लाइट गेलीय आणि शेगड्या चालू?”

“ह्या जात न्हाईत बाबा. चिमाजी वायरमननं गेल्या म्हैन्यात रिटायर व्हायच्या आदी जोडून दिल्यात. सायबांनीच सांगितलं व्हतं.”

हनीफ खोलीत परतला तेव्हा स्टोअरकीपर ज्योतीराम तिथे हजर होता. हा महाळुंग्याचा माणूस. कामात चोख, आणि कुणी काही मोजायला सांगितलं की खूश.

“हनीफभाऊ, तुमी बी मोजाय आलाय व्हय? माजं झालं. चौदा भरले.”

“चौदा? माझे तर सत्तावीस आलेत.”

ज्योतीरामचा चेहरा उतरला. “सत्तावीस? मंग तेरा गेले कुटं? गणपतीत भजनाला काडले तवा चौदाच व्हते की.”

“कशाचे चौदा, भावा?”

ज्योतीरामने भिंतीकडे बोट दाखवलं. कुलूपबंद खोली ही एकच असल्यामुळे उत्सव मंडळाच्या गाद्या इथेच ठेवत. गाद्यांवर पांढऱ्या खोळींचे चौदा लोड ओळीने टेकवून ठेवलेले होते.

बुधवारी साहेबांच्या टेबलावर ज्योतीरामचा अहवाल आधीच पोचलेला होता. ‘एकूण लोड चौदा. पैकी दोन फाटके, एकास उंदीर लागलेला.’ साहेबांनी ‘फाटके’खाली तांबडी रेघ मारली होती.

“याला म्हणतात अहवाल,” ते म्हणाले. “तुझं काय?”

हनीफ ताठ उभा राहून बोलला. “दिव्यांना नऊ अँपिअर, साहेब. आपल्या मागच्या दोन शेगड्यांना अठरा. शेगड्या साध्या लाइनवर घेतल्या तर बॅटऱ्या तीन तास देतील. नाही दिले तर शनिवारी मी आपण होऊन घरी जातो.”

साहेबांनी पाण्याचा पेला उचलून संपवला. तो सकाळपासूनचा चौथा होता.

“आणि हे चौदा?” त्यांनी शेवटी विचारलं.

हनीफने अहवाल वाचला, साहेबांकडे पाहिलं आणि तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही.

“ते पण हलवावे लागतील साहेब. खोली कोंदते.”

“मी तेच म्हणतो. मूळ दोष लोडचाच. शेगडीचं काय, जाता जाता तेही करून टाक.”

त्याच दुपारी हनीफने शेगड्यांची वायर साध्या लाइनला जोडली. ज्योतीरामने चौदा लोड सही घेऊन कँटीनच्या माळ्यावर चढवले.

शुक्रवारी मेन स्विच पाडून चाचणी झाली. साहेब घड्याळ घेऊन बसले. मंजुळाबाईची शेगडी थंड होती, त्यामुळे चहा आला नाही आणि घड्याळाकडे बघण्यावाचून त्यांना दुसरं काम उरलं नाही. पाऊण तास गेला, दोन तास गेले, तीन गेले. दिवे तीन तास दहा मिनिटं जळले. ज्योतीरामने हनीफच्या पाठीवर थाप मारली. “आता तुमाला कोण ब्रेक देतंय, राव?” साहेबांनी वरच्या ऑफिसला कळवलं की अतिरिक्त लोड ओळखून ते हलवल्यामुळे बॅटऱ्या सुधारल्या.

शनिवारी हनीफच्या हातात ब्रेकऐवजी पर्मनंटचं पत्र पडलं. हुद्दा होता बॅटरी अटेंडंट. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बॅटऱ्यांत पाणी घालायला गेला.

सोमवारी डिझेल जनरेटर आला आणि एकशेदहा बॅटऱ्या भंगारात गेल्या.