हजार व्होल्टचा डबा

मी एक जुना डबा आहे, पण लाडू-चिवड्याचा नव्हे. माझ्या पोटात हजार व्होल्टपर्यंत वीज तयार होते. तेव्हा मित्रांनो, माझी गोष्ट ऐका, पण जरा लांब बसून ऐका.

शिरूरच्या बाजारपेठेत येशुदास आप्पांचं मीटर दुरुस्तीचं दुकान आहे. मल्टिमीटर म्हणजे वीज मोजायचं हातातलं यंत्र. वायरमन तारेला हात लावण्याआधी ते लावून बघतो. आकडा शून्य आला, की तारेत वीज नाही असं समजतो. पण मीटरच खोटं बोलत असेल तर? सणसवाडीच्या कारखान्यांच्या छपरांवर सोलरची पॅनेलं चढू लागली, तेव्हा या प्रश्नानं आप्पांना झोप येईना. पॅनेलांची वीज आठशे-नऊशे व्होल्टपर्यंत जाते आणि ती घरातल्या एसी विजेसारखी नसून डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी असते. घरी बरोबर आकडा दाखवणारा मीटर तिथं साफ फसवू शकतो. तपासायचं तर मीटर पुण्याच्या लॅबला पाठवून वाट बघत बसायचं. एवढा धीर कोणाला असतो?

म्हणून आप्पांनी मला घरीच बनवलं. मी ठरवलेल्या व्होल्टची डीसी वीज देतो, आणि मला लावलेला मीटर तोच आकडा दाखवतो का ते बघायचं. जुन्या यंत्रांतले सुटे भाग, चर्चमधल्या मोडक्या बाकाची फळी आणि एक तांबडा दिवा, एवढंच माझं शरीर. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मी धूर काढला. आप्पा रागावले नाहीत, पुन्हा मांडी घालून बसले. मी नीट चालू लागल्यावर त्यांनी मला एसटीनं पुण्याला नेलं आणि लॅबमध्ये माझीच परीक्षा घेतली. दुसऱ्यांना तपासणाऱ्यालाही कोणीतरी तपासलं पाहिजे, असं ते म्हणत.

मी पास झालो आणि माझा तोरा वाढला. वायरमन माझ्यासमोर मीटर घेऊन ताटकळत बसायचे. मी कितीतरी मीटर नापास केले. त्यांचे मालक चडफडायचे आणि मला मजा वाटायची.

मग आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. दुकान त्यांच्या मुलाकडे, ख्रिस्तोफरकडे आलं. तो वाईट नाही, हे आधीच सांगतो. पण मला चालू करायचं म्हणजे रबरी चटई अंथरा, हातमोजे घाला आणि काम झाल्यावर माझ्या पोटातली वीज उतरेपर्यंत थांबा. मोबाईल दुरुस्तीच्या गर्दीत त्याला एवढी सवड नव्हती. मी वरच्या फळीवर गेलो. माझ्यावर रिकामी खोकी आली, मागोमाग पाल आली.

एका सकाळी मांडवगण फराटा गावचा विनोद आला. तो सोलरचा वायरमन, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याचा मीटर हातातून पडला होता.

"दादा, जरा बघ की. गाडी थांबलीया, सणसवाडीला जायचंय."

ख्रिस्तोफरनं मीटर भिंतीवरच्या प्लगला लावला. दोनशे तीस आकडा आला.

"चांगला हाय की! काय झालं न्हाई त्याला."

खुर्चीत बसलेले आप्पा हळूहळू शब्द जुळवत म्हणाले, "डब्यावर लाव. वरच्या."

"आप्पा, अर्धा तास जातो त्यात."

विनोद हसला. "येताना लावू, आप्पा. आत्ता ठेकेदार वरडतोय."

विनोद मीटर घेऊन निघाला. मला वाचा असती तर मी फळीवरून ओरडलो असतो.

विनोद परत आलाच नाही. त्याच दिवशी छपरावर शॉक लागून तो गेला. मीटर न लावताच त्यानं तारेला हात घातला, त्याचाच हलगर्जीपणा, असं ठेकेदारानं सगळीकडे सांगितलं. गावातही तेच पसरलं.

काही दिवसांनी त्याची बायको सुरेखा तोच मीटर पदरात गुंडाळून दुकानात आली.

"दादा, माझा माणूस असा बेफिकीर न्हवता. ह्यो मीटर चांगला हाय का, तेवढं सांगा."

ख्रिस्तोफरनं मला खाली काढलं. चटई अंथरली, हातमोजे घातले. मला नऊशे व्होल्टवर ठेवून आधी त्यानं दुकानातला चांगला मीटर लावला. आकडा आला नऊशे. मग विनोदचा लावला. शून्य.

मित्रांनो, बरोबर असण्याचा मला फार गर्व होता. त्या दिवशी मात्र वाटलं, देवा, आज मी चुकलेलो असू दे. पण मी चुकलो नव्हतो.

सुरेखा त्या शून्याकडे बघत राहिली. "म्हंजी त्यांनी बघितलं व्हतं. बघूनच हात लावला."

"व्हय, पोरी," आप्पा म्हणाले. "त्याची चूक न्हाई."

तिनं डोळे पुसले. मग ती ख्रिस्तोफरकडे वळली. "त्या सकाळी ते हितंच आलं व्हतं ना, दादा? मग तवाच ह्यो डबा का न्हाई लावला?"

माझ्या पोटातली वीज उतरेपर्यंत ख्रिस्तोफर थांबला, मग मला फळीवर न चढवता त्यानं टेबलावरच ठेवलं.

आता मी टेबलावरच असतो. ख्रिस्तोफरनं मला पुण्याला नेऊन पुन्हा तपासून आणलं. माझ्यावर लावल्याशिवाय तो एकही मीटर परत देत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो. माझ्या अंगावर धूळ नाही, पण तो जुना तोराही आता उरलेला नाही. मित्रांनो, मोजायच्या साधनावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. त्याची निगा राखा, त्याला तपासा. अर्धा तास जातो, जाऊ द्या. माझ्यासारख्याला फळीवरून खाली काढायचंच असेल, तर माणूस जिवंत असताना काढा.