चिफचॅफ अजून आला नाही

ऑब्री प्रॉबर्टने यंदा मनाशी पक्कं ठरवलं होतं. चिफचॅफ पक्षी आला नाही, तर आईची निसर्गाची डायरी कायमची बंद करायची आणि संग्रहालयाला देऊन मोकळं व्हायचं.

आई गावच्या शाळेत मास्तरीण होती. रानडॅफोडिलचं पहिलं फूल, पहिलं पिवळं फुलपाखरू, हिवाळा दक्षिणेत काढून परतलेला पहिला चिफचॅफ, सगळं ती तारीखवार लिहायची. तिच्यामागे ऑब्रीने त्याच जाड वहीत पुढे लिहायला घेतलं. चिफचॅफबद्दल आईचा नियम कडक होता: स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय लिहायचा नाही. त्याच्यासारखे दिसणारे मातकट पक्षी दुसरेही असतात, पण 'चिफ-चॅफ, चिफ-चॅफ' असा एकसारखा धोशा लावणारा तोच. ऑब्रीने हा नियम कधी मोडला नव्हता. त्यामुळे गेली काही वर्षं वहीत दर वसंतात एकच ओळ पडत होती. चिफचॅफ आला नाही. ती लिहिताना म्हाताऱ्याचा जीव तुटायचा.

आज तो धाकट्या बहिणीला, डोरीनला घेऊन नदीकाठच्या कुरणात आला होता. सगळं कुरण रानडॅफोडिलच्या फिकट पिवळ्या फुलांनी भरलं होतं. ऑब्रीने वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आईच्या वेळी या तारखेला नुसत्या कळ्या होत्या. आता बघ, अर्धी फुलं माना टाकून बसलीत. सगळा वसंतच बिघडलाय."

"मी पाळण्यात असल्यापासून तू हेच म्हणतोयस," डोरीनने थर्मासमधला चहा ओतला. "घे, गिळ आधी."

"पक्षी तर संपलेच."

"काल पोस्टाच्या मागे तुझा मेला चिफचॅफ ओरडत होता की! सांगायला आले, तर माझ्यावरच खेकसलास."

"तुला कावळा आणि कोंबडा यांतला फरक कळत नाही. तुझं काय धरायचं?"

डोरीन काही बोलणार, तेवढ्यात समोरच्या विलोच्या फांदीवर काहीतरी हललं. ऑब्रीने दुर्बीण डोळ्यांना लावली. एवढासा मातकट पक्षी, काळे पाय, शेपटी सारखी खाली झटकत होता. चोच उघडत होती, मिटत होती. गळा थरथरत होता.

"बिचारा आजारी दिसतोय गं," ऑब्री हळहळला. "एवढा जीव तोडतोय, पण आवाजच फुटत नाहीये."

डोरीनचा कप तोंडापाशीच थांबला.

"ऑब्री, आपण आल्यापासून तो गातोय. कान किटले माझे."

"उगाच काहीतरी. तुझं बोलणं येतंय ना ऐकू मला?"

"मी बोलते कुठे? तुझ्याशी किंचाळतेच मी, किती वर्षं झाली."

ऑब्रीने पुन्हा दुर्बीण लावली. डोरीनने त्याचा दुसरा हात ओढला आणि तळव्यावर बोटाने ठेका धरला. टक-टक, टक-टक. प्रत्येक ठेक्याला चोच उघडत होती.

तो ओल्या गवतात मटकन खाली बसला. आधी भीती वाटली, मग डोळे भरून आले आणि मग तो पोट धरून हसत सुटला.

"म्हणजे माझे कान गेलेत! नुसते माझे कान! अगं, पक्षी आहेत, डोरीन!"

"आहेत रे बाबा. ऊठ, पँट भिजली."

त्याने पेन्सिल काढली आणि थबकला. "पण मी ऐकलेला नाही. आईला चालायचं नाही."

"मीही तिच्याच पोटची आहे. हे कान तिनेच दिलेत." डोरीनने वही ओढून घेतली आणि चिफचॅफ आला म्हणून लिहिलं. मग मागची पानं चाळली. "आणि या तुझ्या रडक्या ओळींचं काय? खोडू?"

"खोडू नकोस," ऑब्री डोळे पुसत म्हणाला. "प्रत्येकीखाली लिही: आला होता. ऑब्री बहिरा होता."