फाटकाच्या आत

शाळेत मला सगळे मावशी म्हणतात. पोरं म्हणतात, बाई म्हणतात, नातवंडांना सोडायला येणारे आजोबासुद्धा म्हणतात, आणि त्यांची तर सत्तरी उलटलीय. त्याबद्दल काही तक्रार नाही. बासष्ट पोरांची नाकं पुसायची, चार खोल्या झाडायच्या, संडास धुवायचे, म्हणजे लोकांना हाक मारायला काहीतरी लागणारच. तक्रार एवढीच, की माझी सख्खी मुलगीही मला मावशीच म्हणते.

दोष माझाच. तीन वर्षांपूर्वी मुंगीला इथे बालवर्गात घातलं, तेव्हा पहिला आठवडाभर ती माझ्या मागे "आई, आई" करत फिरायची आणि तिचं ऐकून बाकीची सगळी भोकाड पसरायची. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई वाईट नाहीत, पण त्यांना गोंगाट सोसत नाही. "हे असं चालायचं नाही हो," म्हणाल्या. नोकरी तर टिकवायची होती. मी घरी जाऊन मुंगीला खेळ शिकवला: फाटकाच्या बाहेर आई, फाटकाच्या आत मावशी. चुकेल तो बाद.

कार्टी एकदाही बाद झाली नाही. मागच्या वर्षी घसरगुंडीवरून पडून तिची हनुवटी फुटली. रक्ताची धार लागलेली, आणि ही माझ्याजवळ येऊन म्हणते, "मावशी, मला लागलंय." मी पट्टी बांधली. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर एक पाऊल टाकलं आणि मग "आई गं" म्हणून जी रडायला लागली, ती घर येईपर्यंत थांबली नाही. त्या दिवशी मला माझ्या हुशारीची लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला शाळा उघडायची होती, आणि खेळ तसाच चालू राहिला.

काल तिचा इथला शेवटचा दिवस होता. पुढच्या वर्षी मोठी शाळा, दोन बसथांबे पलीकडे. तिथे मी नसणार. निरोपाच्या कार्यक्रमात एकेक मूल स्टेजवर येतं, आपल्या माणसाला हाक मारतं, आणि ते माणूस वर जाऊन त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट ठेवतं. दरवर्षी मी हे दारात उभी राहून बघते, हातात झाडू घेऊन. यंदा मला त्या हाकेची हाव सुटली होती. या भिंतींच्या आत, सगळ्यांसमोर, एकदाच. तिचा बाबा ट्रक घेऊन लांब गेलेला, म्हणजे हाक मलाच येणार होती.

"आज आतसुद्धा आई म्हणायचं," सकाळी तिची वेणी घालताना मी बजावलं.

"मग मी बाद होणार?"

"आज कुणी बाद नाही."

"तूपण नाही?"

"मी कालच दीडशे खुर्च्या मांडून बाद झालेय, बाई माझी."

मोठ्या बाईंनीही कबूल केलं होतं. "उद्या तुम्ही पालक. तुम्हाला कुणी उठवणार नाही." पहाटे पाचपासून हॉल धुऊन, पुसून, मग इस्त्रीचे कपडे घालून मी तिसऱ्या रांगेत बसले. तीन वर्षं ज्या खुर्च्या पुसतेय त्यातल्या एकीवर पहिल्यांदाच टेकले, तेव्हा कळलं की ती डुगडुगते. पाठ टेकली आणि अंग दगडासारखं जड झालं. मुंगीचा नंबर शेवटून तिसरा होता. तोवर मी चिमटे काढून काढून डोळे उघडे ठेवले.

तिच्या आधीच्या मुलाला आम्ही बटाट्या म्हणतो. बटाट्या स्टेजवर आला, आईला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि सकाळपासूनचा सगळा खाऊ बाहेर आला.

"मावशी!" मोठ्या बाई ओरडल्या.

मी काही ठरवायच्या आधीच माझे पाय उठले. जिन्याखालून बादली आणली, लाकडाचा भुसा आणला, फडकं आणलं. बटाट्याला त्याची आई घेऊन गेली आणि मी गुडघ्यांवर बसून पुसायला लागले. इस्त्रीची काशी झाली. मोठ्या बाईंच्या काही लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या हातात माइक होता, आणि माइक हातात असला की माणसाला थांबता येत नाही. त्यांनी मुंगीला पुढे घेतलं. "हं, मार बघू हाक तुझ्या माणसाला."

मुंगी माझ्यापासून चार हातांवर उभी. तिनं तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे. आता ही मावशी म्हणणार, मला वाटलं. म्हणाली असती तरी तिचं काही चुकलं नसतं. मी मान खाली घालून फडकं पिळलं.

"थांबा," मुंगी माइकमध्ये म्हणाली. "आई आत्ता मावशी आहे. तिचं झालं की मारते."

सगळा हॉल हसला. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी वाकून माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "जा," एवढंच म्हणाल्या.

मी तिथेच उभी राहणार होते, पण मुंगीनं बोटानं खुर्ची दाखवली. नियम म्हणजे नियम. मी जाऊन बसले, ओले हात मांडीवर पुसले.

"आई!"

मी उठले नाही. खरं सांगते, पहिल्यांदा उठताच आलं नाही. तीन वर्षांचा शीण एकदम गुडघ्यांत उतरला. मुंगीला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं. या वेळी मात्र गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. मी मुद्दामच बसून राहिले.

"आई, ऊठ ना गं! सगळे थांबलेत!"

थांबले तर थांबू देत. मी अजून एक हाक येते का, ते बघत होते.