तीन महिने पुरे होईपर्यंत

श्वेता सासऱ्यांच्या गळ्यातली चांदीची साखळी काढत होती. आकडा घट्ट बसला होता आणि काशीराम मान वाकवून कुरकुरत होते. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, त्याचा राग साखळीवर निघत होता. चार महिने त्यांच्या घशात घास अडकत होता. तो नेमका कुठे अडकतो, हे आज साकीनाक्याच्या या एक्स-रे सेंटरमध्ये पडद्यावर दिसणार होतं.

टेक्निशियन देवेश दारात आला. आजोबांना उभं राहून पांढरं औषध प्यायचंय, म्हणाला. त्यांचा पाय लटपटतो, तर कुणीतरी आत धरायला हवं.

"ही येईल," वनमालाबाई म्हणाल्या. सुनेला विचारायची त्यांना गरजच वाटली नाही.

देवेशने शिशाचा जड एप्रन श्वेताच्या हातात दिला आणि रोजच्या सवयीने विचारलं, "प्रेग्नंट वगैरे नाही ना तुम्ही?"

श्वेताने तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलून मोकळ्या झाल्या.

"नाय हो, तसलं काय नाय."

खरं तर दुसरा महिना चालू होता. श्वेता, तिचा नवरा नितेश आणि वनमालाबाई, घरात तिघांनाच ते ठाऊक होतं. तीन महिने पुरे होईपर्यंत चौथ्या माणसाला कळता कामा नये, दृष्ट लागते, ही वनमालाबाईंच्या माहेरची रीत. गेल्या वर्षीही ती काटेकोर पाळली होती. तरी पोर राहिलं नाही. रीत मात्र शाबूत राहिली.

"आई," श्वेता हळूच म्हणाली.

"एका फोटोनं काय होतंय?" वनमालाबाई कुजबुजल्या. "एवढा जाड एप्रन दिलाय ना त्यानं?"

देवेशचे कान तिखट होते.

"फोटो नाही हो आजी. गिळताना आतलं सगळं पडद्यावर हलताना दिसतं, म्हणजे तेवढा वेळ एक्स-रेही चालू-बंद होत राहतो. प्रेग्नंट बाईला आम्ही धरायला आत घेतच नाही, एप्रन असला तरी."

"मग सांगितलं ना तुम्हाला, नाय म्हणून!"

देवेशने श्वेताकडे पाहिलं. तिने एप्रनमध्ये एक हात घातलासुद्धा होता. सासूचा राग आला होताच. पण आपला हात असा मुकाट्याने पुढे झाला, याचा तिला जास्त संताप आला. तिने तो बाहेर काढला.

"मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "दुसरा महिना आहे."

आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. बाकावरच्या दोन-तीन माना मोबाइलमधून वर आल्या. काशीराम तिच्याकडे बघतच राहिले.

वनमालाबाईंनी तिच्या हातातून एप्रन हिसकावून घेतला आणि स्वतःच्या अंगात चढवला.

"फिटली हौस? आता काय झालं तर माझ्याकडे रडत येऊ नको."

नवऱ्याचा दंड धरून त्या आत गेल्या. दार बंद झालं आणि वरचा लाल दिवा लागला. शेजारच्या बाईने श्वेताला बसायला जागा करून दिली. काही विचारलं नाही, याचे श्वेताने मनातल्या मनात आभार मानले.

वीसेक मिनिटांनी काशीराम बाहेर आले. ओठ पांढरेफटक झाले होते. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला वनमालाबाई आतच थांबल्या होत्या. "दोन दिवस भरपूर पाणी पाजा यांना," देवेश जाता जाता सांगून गेला. श्वेताने पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"मागल्या गणपतीत तुला ॲडमिट केलं होतं," ते म्हणाले. "मलेरिया झालाय, म्हणाली होती ही."

श्वेताने बाटलीचं झाकण परत लावलं.

"त्याच्या आदल्या दिवशी पाण्याचं पिंप मीच सरकवायला लावलं होतं तुला. भरलेलं. आळस करतेस, म्हणून बोललोही होतो."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं, बाबा?"

काशीरामांनी ओठ पुसले. पांढरं औषध हाताला लागलं, ते बघत बसले.

"मला नव्हतं," ते म्हणाले. "तुला तर होतं ना गं?"

"होतं," श्वेता म्हणाली.